बेळगावहून अमेरिकेत पीएचडी, आणि पुढं युनिव्हर्सिटीचा कारभार

भावा, तू विचारलायस की बेळगावात एमए इकॉनॉमिक्स झालं, दोन वर्षं गेस्ट लेक्चरर म्हणून काढली, आता अमेरिकेत शिक्षणाच्या अर्थशास्त्रात पीएचडी करून पुढं युनिव्हर्सिटीच्या ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जाता येतं का. येतं की. मी टिळकवाडीचा, याच वाटेनं आलो, आता प्रोव्होस्टच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीचा शैक्षणिक कारभार बघणाऱ्या मुख्य साहेबाच्या ऑफिसात बसतो. पण एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या 'मला का शिकायचंय' या निबंधात, ॲडमिनिस्ट्रेशनचं नाव काढू नकोस, प्रोफेसर लोकांना रिसर्च करणारं पोरगं पाहिजे असतं, हा साहेब व्हायला आलाय असं वाटलं की फाईल बाजूला.

आधी प्रोग्रामचा सीआयपी कोड बघ, म्हणजे अमेरिकेत सरकारनं प्रत्येक विषयाला दिलेला नंबर. साधं इकॉनॉमिक्स 45.0601 असेल तर शिकून झाल्यावर ओपीटी, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच नोकरी करायची परवानगी, 12 महिनेच, 45.0603 म्हणजे इकॉनोमेट्रिक्सवालं असेल तर ते स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, गणित) धरतात आणि वर 24 महिने मिळतात. वर्गात शिकवतात जवळपास तेच! एज्युकेशन स्कूलचे कोड आणखी वेगळे, त्यामुळं आय-20, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद, यायच्या आधीच मेल करून विचार, मी विचारलं नव्हतं आणि शेवटच्या वर्षी घाम फुटला. युनिव्हर्सिटीच्या नोकरीला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी नसते हे आपल्या फायद्याचं, पण सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जाला 1 लाख डॉलर लावलेत, म्हणून इथंच शिकून इथूनच व्हिसाचं स्टेटस बदललेलं बरं.

आता कामाचं. अर्थशास्त्रवाले कारभारात जाणं नवीन नाही, विल्यम बोवेन कामगार अर्थशास्त्राचे, 1972 ते 1988 प्रिन्स्टनचे अध्यक्ष होते. त्यांनी आणि विल्यम बाऊमोल या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात दाखवलं की ज्या कामात माणसाचा वेळ कमी करता येत नाही ते काम महागच होत जातं, मास्तरला तास घ्यायला तासच लागतो ना. आपल्याकडं अर्थशास्त्रज्ञ नंजुंडप्पा बघ, धारवाडला कुलगुरू होते, कर्नाटकातल्या तालुकावार मागासलेपणाचा 2002 चा अहवाल त्यांच्याच समितीचा.

मला पहिली नोकरी लागली ती इन्स्टिट्यूशनल रिसर्चमध्ये, म्हणजे किती आले, किती गळले, कुणाला किती फी माफ केली याचा हिशोब. इथल्या खाजगी कॉलेजात पहिल्या वर्षाला जाहीर केलेल्या फीच्या सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात, आणि कुणाला किती दिली तर पोरगं येईल हे काढायलाच आपल्यासारखी माणसं ठेवतात. त्यात 2007 नंतर इथं जन्म घटले, ती पोरं आता 18 ची व्हायला लागलीत, म्हणजे बाकं रिकामी.

एकदा एका भाषेचा विभाग बंद करायची मीटिंग होती, वर्गात 6 पोरं, शीट मीच केलेली, बंद केला तर किती वाचतात ते खाली पिवळ्या रंगात. तिथली म्हातारी प्रोफेसरबाई काहीच बोलली नाही, नुसती त्या पिवळ्या चौकटीकडं बघत बसली. मला मामाच्या गावची खानापूरकडची मराठी शाळा आठवली, पट 11 वर आल्यावर तिथंही असाच एक साहेब कागद घेऊन आला होता, आणि तेव्हा आम्ही घरी बसून त्याला काय काय शिव्या घातल्या होत्या. विभाग बंद झाला. माझा आकडा बरोबरच होता. हे जमणार नसेल तर शिकवण्यातच रहा, खरंच सांगतो, कारण खुर्ची मिळाली की स्वतःचा रिसर्च संपतो, माझा शेवटचा पेपर कधी आला ते बायकोला विचारावं लागतं.

कागदपत्रांचं आत्ताच लाव. इथं पीयूसी म्हणजे काय हे कुणाला कळत नाही, बारावी म्हणून लिही. जन्मदाखल्यावर बेळगाम आणि पासपोर्टवर बेळगावी असेल तर नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं हे एका ओळीत लिहून जोड, मला ही दोन गावं आहेत का म्हणून विचारलं होतं. कन्नडमधल्या दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर करून घे. आणि ट्रान्सक्रिप्टचे सीलबंद लखोटे दोन-तीन जादाच घे, इथून परत मागवायचे म्हटलं तर घरच्यांना चार-चार खेपा घालाव्या लागतात, माझ्या वडलांनी घातल्यात.