नवीन पिकअप ८० च्या वर गेली की थरथरते, काय करावं?
आधी नीट बघा थरथर कुठे जाणवते, स्टिअरिंगला असेल तर बहुतेक पुढची चाकं आणि सीटखाली असेल तर मागची. ब्रेक दाबल्यावरच होत असेल तर मात्र डिस्ककडे बघा, टायर नाही.

माझी पण नवी कोरी गाडी, ओझरच्या पुढे हायवेला ८५ ला स्टिअरिंग असं हलायचं की हाताला मुंग्या यायच्या. शोरूमवाले म्हणे "लोड टाका, बसेल आपोआप". कसलं बसतंय! नवी गाडी यार्डात बरेच दिवस उभी असली की टायर खालून चपटा होतो, पण तो १५-२० किमी पळवल्यावर गरम होऊन बहुतेक गोल होतो, माझी थरथर काही गेली नाही. शेवटी नाशिकला द्वारकाजवळ एका टायरवाल्याकडे बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) केलं तर पुढच्या डाव्या चाकाला ४५ ग्रॅम वजन लागलं, रिमवर जुन्या वजनाचा नुसता गोंद राहिला होता. अलाइनमेंटवर (चाकांचा कोन सरळ करण्यावर) उगाच पैसे घालू नका, ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, शक्यतो थरथरत नाही. हवा दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणेच ठेवा. बॅलन्सिंग करूनही राहिलं तर चाकं पुढची मागे करून बघा, थरथर जागा बदलली तर टायर किंवा रिमच वाकडी, वॉरंटीत मागा.