पर्यावरणशास्त्रात बीएस्सी झालंय, हवामानबदल आणि आरोग्य दोन्हींत काम करता येईल का?
येईल, आणि त्यासाठी डॉक्टरच असावं लागतं असं नाही. काम कसं असतं ते अहमदाबादवरून कळेल. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर मृत्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावल्याचं दिसलं. दाखल्यावर ‘उष्माघात’ क्वचितच लिहिलेलं असतं, म्हणून हिशेब असा आडवाटेने काढावा लागतो. २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला: आगाऊ इशारे, पिण्याच्या पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी, पुढे झोपड्यांच्या छपरांना पांढरा रंगही.

थोडक्यात, तापमानाचा तक्ता आणि मृत्यूची नोंदवही शेजारी ठेवून वाचणारा माणूस हवा असतो. त्यासाठी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करा. त्यासाठी मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), गांधीनगरला आयआयपीएच (भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था) आहे. संख्याशास्त्र टाळू नका (बहुतेक जण इथेच गळतात). केंद्राचा हवामानबदल आणि मानवी आरोग्य कार्यक्रमही २०१९ पासून आहे. सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी, पगार बेताचा.

प्रवेश घेण्याआधी एकदा मे महिन्यात, दुपारी दोनला, आशाताईंबरोबर पत्र्याच्या खोल्यांमधून फिरून या.