जड पाण्यातील फवारणी : डोस वाढवू नका, पाणी बदला

दर्यापूर आणि तेल्हारा भागातील कापूस उत्पादक, वरुड-मोर्शीकडील संत्रा बागायतदार आणि घाटंजी परिसरातील तूर-सोयाबीन घेणारे शेतकरी यांच्याकडून आलेले प्रश्न वरवर वेगळे दिसत असले, तरी त्या सर्वांच्या मुळाशी विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी आहे. म्हणून उत्तरे एकत्रच देत आहे.

प्रश्न : कपाशीवर शिफारशीप्रमाणे औषध फवारले, तरी तुडतुडे आटोक्यात येत नाहीत. कृषी केंद्रवाले म्हणतात, पाणी जड आहे, औषध दुप्पट टाका. टाकावे काय?

टाकू नये. पाणी जड होते ते त्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ही कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगी धरली आहे. हे कॅल्शियम बहुतेक कीटकनाशके निकामी करीत नाही. खरी अडचण बोअरच्या पाण्यात त्याच्या सोबतीने येणाऱ्या बायकार्बोनेटची असते, कारण त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर जातो आणि डायमेथोएट, मॅलाथिऑन यांसारखी औषधे अशा अल्कधर्मी पाण्यात विघटित होऊ लागतात. सकाळी ड्रमभर द्रावण करून ठेवायचे, मध्येच वीज, मजूर किंवा पाऊस आडवा आला म्हणून तेच द्रावण सायंकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मारायचे, ही आपली सवय येथे नडते. दुप्पट औषध घातले, तरी ते त्याच पाण्यात त्याच गतीने विघटित होणार आहे. वाढतो तो खर्च, किडीची प्रतिकारशक्ती आणि फवारणाऱ्याच्या अंगावर व श्वासात जाणारे विष. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भातील माणसाला पुन्हा सांगण्याची गरज पडू नये. तरीही ‘दोन-तीन औषधे एकत्र करा आणि डोस वाढवा’ हा सल्ला दुकानाच्या काउंटरवर आजही मिळतो. तो मानू नये. लेबलवर छापलेले प्रमाण हीच मर्यादा आहे. दुकानदाराने बिलामागे पेनाने लिहिलेले प्रमाण ही शिफारस नव्हे.

करायचे ते असे. एका फवारणीस लागेल तेवढेच द्रावण करावे आणि ते लगेच संपवावे. सामूपट्टीने पाणी तपासावे; सामू आठच्या वर असल्यास दहा लिटरच्या बादलीत सायट्रिक ॲसिड थोडे-थोडे टाकून तो सहा ते साडेसहावर आणावा आणि लागलेले वजन लिहून ठेवावे. शेजाऱ्याचे प्रमाण आपल्या बोअरला लागू पडत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा बोर्डो मिश्रणाच्या फवारणीत मात्र हा प्रयोग मुळीच करू नये, कारण आम्लधर्मी पाण्यात तांबे जास्त विरघळते आणि पाने करपतात. एवढे करूनही कीड हटत नसेल, तर एकाच गटातील औषध वारंवार मारले जात आहे काय, हे पाहावे. त्याचा दोष पाण्यावर ढकलू नये.

प्रश्न : निंबोळी अर्कात साबणाचा चुरा टाकला की वर साय धरते आणि नोझल तुंबते. निंबोळी खराब असेल काय?

निंबोळी चांगली आहे. साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तोच नोझलमध्ये बसतो. म्हणजे साबणही वाया जातो आणि अर्क पानावर पसरतही नाही. अर्क पावसाच्या पाण्यात करावा. ते नसल्यास साबणाऐवजी नॉन-आयनिक स्टिकर, म्हणजे कॅल्शियमशी संयोग न होणारे चिकटद्रव्य, लेबलवरील प्रमाणात वापरावा. धुण्याचा सोडा टाकून पाणी ‘हलके’ करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. त्याने कॅल्शियम खाली बसते हे खरे, पण सामू आणखी चढतो आणि अर्कातील ॲझाडिरॅक्टिन या कीडरोधक घटकाचे विघटन वेगाने होते. तुरटीने कठिणता कमी होत नाही. तिचे काम गढूळपणा खाली बसवण्यापुरतेच आहे.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत ग्लायफोसेट मारले, तण पिवळे पडले आणि पुन्हा हिरवे झाले.

कठिणतेचा थेट फटका बसतो तो येथे. ग्लायफोसेट आणि २,४-डी या तणनाशकाचे अमाइन क्षार कॅल्शियमशी बांधले जातात आणि पानात नीट शिरत नाहीत. द्रावणात आधी अमोनियम सल्फेट विरघळवून मगच तणनाशक मिसळणे, हा त्यावरील ज्ञात उपाय आहे. परंतु ग्लायफोसेटचा वापर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे. दुकानातून डबा आणून स्वतः मारणे त्यात बसत नाही, आणि उभ्या कपाशीत तर त्याचा विचारही करू नये. २,४-डी ची वाफ किंवा तुषार वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेले, तर पाने बोटांसारखी होऊन वाढ खुंटते. संत्र्याच्या ओळींमधील गवत कापून तेथेच आच्छादन करावे, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : जड पाणी हलके करणारे चुंबकीय यंत्र बोअरवर बसवावे काय? एका विक्रेत्याने घरगुती सॉफ्टनरसारखा मोठा संच सुचवला आहे.

दोन्ही घेऊ नयेत. चुंबकीय यंत्रातून गेलेल्या पाण्यात कॅल्शियम होते तेवढेच राहते. विक्रेता ठाम असेल, तर यंत्राआधीचा आणि नंतरचा नमुना आपण स्वतः प्रयोगशाळेत द्यावा आणि मगच पैशांचे बोलावे.

सॉफ्टनरचे प्रकरण यापेक्षा गंभीर आहे. त्यातील रेझिन कॅल्शियम धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडते. म्हणूनच त्याला अधूनमधून मीठ द्यावे लागते. हे पाणी कपडे धुण्यास उत्तम आहे, पण काळ्या जमिनीस घातक आहे. आपल्या जमिनीतील चिकणमातीचे कण कॅल्शियममुळे एकत्र राहतात आणि सोडियम वाढले की विखुरतात. मग जमीन ओली असताना चिखल, वाळली की दगड, आणि पाणी आत मुरणे बंद, अशी अवस्था होते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील शेतकरी हीच अवस्था पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. तेथे पाण्यातील कॅल्शियम नव्हे, तर सोडियम वैरी आहे, आणि ‘पाणी हलके लागते’ म्हणून ते ओलितास चांगले ठरत नाही.

त्यामुळे अहवालात केवळ कठिणता पाहून थांबू नये. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट म्हणजे आरएससीचा आकडा पाहावा. तो लिटरला १.२५ मिलीसमतुल्यपेक्षा कमी असल्यास पाणी सुरक्षित, २.५ पर्यंत जपून वापरण्याजोगे आणि त्यापुढे अयोग्य समजावे. हा सोडियमचा दोष काढण्यास मर्यादेबाहेरील प्रत्येक एका मिलीसमतुल्यामागे ओलिताच्या पाच सेंटिमीटरच्या एका पाळीस एकरी सुमारे १७ किलो शुद्ध जिप्सम लागते. ज्याच्याकडे अहवाल नाही त्याने जिप्सम, ‘क्षारनाशक’ द्रव किंवा कोणतेही टॉनिक विकत घेऊ नये.

प्रश्न : ठिबकचे ड्रिपर पांढरे पडून बंद होत आहेत.

तो कॅल्शियम कार्बोनेटचा थर आहे. १२:६१:०० किंवा ००:५२:३४ सारखी स्फुरदयुक्त खते जड पाण्यात सोडल्याने त्यात कॅल्शियम फॉस्फेटची भर पडते, आणि कॅल्शियम नायट्रेट त्यांच्याच टाकीत मिसळल्यास साका हमखास बसतो. आम्ल प्रक्रिया करावी. पण ड्रिपर पूर्ण बंद पडण्याची वाट पाहू नये, कारण बंद ड्रिपरमध्ये आम्ल पोचतच नाही. बादलीतील पाण्यात आम्ल टाकून सामू चारवर आणण्यास किती लागते ते आधी काढावे, त्या प्रमाणात व्हेंचुरीतून (ठिबकमध्ये खत ओढणाऱ्या नळीतून) सोडावे, शेवटच्या ड्रिपरवर सामू चार मिळाला की पंप बंद करून रात्रभर ठेवावे आणि सकाळी लॅटरलची (ड्रिपरच्या नळ्यांची) टोके उघडून संच धुवावा. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. ब्लिचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी वायू निघतो. ‘एकाच दिवशी दोन्ही उरकून टाका’ हा सल्ला जीवावर बेतू शकतो.

प्रश्न : मग फवारणीला पाणी आणावे कोठून?

शेततळ्यातून. पावसाचे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते आणि फवारणीस पाणी लागते तरी किती. ज्यांना शेततळे शक्य नाही त्यांनी गोठ्याच्या पत्र्यावरचे पाणी दोन-चार ड्रममध्ये झाकून ठेवावे. शेततळ्याचे पाणी गढूळ असल्यास आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, कारण मातीचे कणही काही तणनाशके धरून ठेवतात. शेततळे आणि ठिबक या दोन्हींसाठी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा; ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांस ८० आणि इतरांस ७५ टक्के अनुदान मिळते, मात्र पूर्वसंमतीआधी केलेली खरेदी धरली जात नाही.

पाण्याचा नमुना एप्रिल-मेमध्ये, क्षार सर्वाधिक असताना घ्यावा. पंप पंधरा-वीस मिनिटे चालवून, लिटरभराची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. चिठ्ठीवर गट क्रमांक, विहीर की बोअर, खोली आणि तारीख लिहून नमुना त्याच दिवशी जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात पोचवावा.