नाशिकमध्ये गल्लीतल्या कामासाठी आमदाराकडे जाऊन काही उपयोग होतो का?

होतो, पण काम कोणतं आहे ते आधी बघा. गटार, पथदिवे, घंटागाडी हे महापालिकेचं काम, त्यासाठी आधी विभागीय कार्यालयात लेखी तक्रार टाका आणि पोच घ्या. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते ना, तेव्हापासून लोकांना सगळंच आमदाराकडे न्यायची सवय लागलीये, त्यात लोकांची तरी काय चूक, जाणार कुठं.

आमदाराला स्थानिक विकास निधी असतो, वर्षाला ५ कोटी, तो जिल्हाधिकारी कार्यालयातून मंजूर होतो आणि काम सार्वजनिक जागेवरच लागतं. आम्ही सिडकोत राहतो, आमच्या इथल्या ओपन स्पेसवर म्हाताऱ्या माणसांना बसायला शेड हवी होती, तर आम्ही घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या, जागेचा नकाशा, चार फोटो जोडले आणि सकाळी संपर्क कार्यालयात जाऊन अर्ज दिला. पीएने पहिलं काय विचारलं, तर जागा कोणाच्या नावावर आहे! नकाशा सोबत होता म्हणून पुढचं बोलणं झालं. नुसतं तोंडी सांगून आलो असतो तर तिथंच राहिलं असतं, हे मी खात्रीने सांगतो.

आणि हो, विषय मोठा असेल, म्हणजे गोदावरीत जाणारं सांडपाणी वगैरे, तर आमदाराला अधिवेशनात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी मांडायला सांगा, त्यावर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं. फक्त अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जा, ऐनवेळी नको.