नोकरीचा अर्ज पाठवण्याआधी एवढं उरकून घे

आधी इन्कॉग्निटो विंडो उघड आणि स्वतःचं नाव, कॉलेज, गाव टाकून गूगलवर शोध. भरती करणाऱ्याला साधारण तेच दिसतं. माझ्या मते पार्टीच्या फोटोंपेक्षा जास्त घात तारखा करतात. बायोडेटात नोकरी जूनपर्यंत आणि लिंक्डइनवर मार्चपर्यंत, असं दिसलं की मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. पीएफ कापला जात असेल, तर पीएफच्या सरकारी पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत, म्हणजे नोकऱ्यांच्या नोंदीत, खरी तारीख सहसा सापडते. तीच दोन्हीकडे ठेव.

फेसबुकवर जुन्या पोस्ट एकेक करून पुसत बसू नकोस. मागच्या सार्वजनिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. इन्स्टाग्राम प्रायव्हेट केलंस तरी प्रोफाइल फोटो आणि बायो सगळ्यांना दिसतात, हे बरेच जण विसरतात. जुन्या साहेबांना घातलेल्या शिव्या, कुणाच्या जातीवरून केलेल्या कमेंट मात्र शोधून काढ. बाकी तुझी मतं, छंद, ट्रेकचे फोटो राहू देत. अगदी कोरी पाटी करू नकोस.

आणि या खात्यांचा पासवर्ड कुठल्या कंपनीने मागितला तर सरळ नाही म्हण. अमेरिकेत मेरीलँड राज्याने 2012 मध्येच कंपन्यांना तो मागायला कायद्याने बंदी केली आहे.