सबवूफरची केबल घेताना

अरे भावा, तीन हजारांची केबल कशाला घेतोयस, सबवूफरला (खोल, जाड आवाजाच्या स्पीकरला) जाणारा सिग्नल २० ते १२० हर्ट्झच्या आसपासचा असतो, तेवढ्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेली केबल म्हणजे नुसता दुकानदाराचा फायदा. आधी मागे बघ, तुझा सब पॉवर्ड आहे ना, म्हणजे प्लगची वायर आहे ना? मग रिसीव्हरच्या (होम थिएटरच्या अँपच्या) 'सब आउट'मधून सबच्या 'एलएफई' (खोल आवाजाच्या) इनपुटला एकच आरसीए केबल (मधे पिन असलेल्या गोल ऑडिओ प्लगची), बस. लाल-पांढरी जोडी लागत नाही. पॅसिव्ह असेल तर गोष्टच वेगळी, त्याला अँपमधून स्पीकर वायर लागते.

बघायचं काय, तर शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणारं तारेभोवतीचं आवरण, चांगलं हवं, कारण लांब केबलमध्ये ५० हर्ट्झची घरघर घुसते आणि सब नेमकी तीच मोठ्याने ऐकवतो. डिशवाल्याकडची आरजी-६ कोअॅक्स (डिशला लावतात ती गोल केबल) आणि दोन आरसीए कनेक्टर, झकास काम होतं, मी स्वतः ८ मीटर टाकलीय. फक्त लाइटच्या वायरला चिकटून नेऊ नकोस, क्रॉस करायचीच असेल तर काटकोनात कर.

आणि लांबी सुतळीने मोज रे, कोपऱ्याकोपऱ्याने, वर एक मीटर जास्त धर, सबची जागा दोन-तीनदा बदलणारच आहेस. तरीही घरघर आली तर केबल बदलत बसू नकोस, आधी सेट-टॉप बॉक्सची डिशची वायर काढून बघ, बरेचदा अर्थ लूप (दोन ठिकाणी अर्थिंग जोडलं गेल्याने येणारी घरघर) तिथूनच येतो. पण प्लगची अर्थिंगची पिन मात्र कापायची नाही हां, शॉक बसेल.