१९७६ चे ‘कॅप्टन फँटॅस्टिक’ पिनबॉल घेण्यासारखे आहे का?

तुमचा प्रश्न असा होता: बॅली कंपनीचे ‘कॅप्टन फँटॅस्टिक’ हे पिनबॉल यंत्र (उतरत्या फळीवर चेंडू टोलवत गुण मिळवायचा खेळ) विकाऊ आहे, त्यावर गायक एल्टन जॉनचे चित्र आहे, पण यंत्रात त्याचे एकही गाणे वाजत नाही, नुसत्या घंटा वाजतात; मग लोक त्याच्या एवढे मागे का लागतात, आणि पुढेमागे ते पुण्याला नेता येईल का? शिकागोजवळ राहत असल्यामुळे आणि गेली सोळा वर्षे हेच यंत्र तळघरात असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हे यंत्र दुर्मीळ नाही. बॅलीने शिकागोत त्याचे १६,१५५ नग बनवले, आणि त्या काळाच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे. आदल्याच वर्षी ‘टॉमी’ या चित्रपटावर बेतलेले त्यांचे ‘विझर्ड’ आले होते, त्याचे १०,००५ नग निघाले होते. दोन्ही यंत्रांची रचना ग्रेग क्मिएक यांची आणि चित्रे डेव्ह ख्रिस्टेन्सन यांची. ‘कॅप्टन फँटॅस्टिक’ हे नाव एल्टन जॉनच्या १९७५ च्या अल्बमचे असले तरी यंत्राच्या उभ्या पेटीच्या काचेवरचा एल्टन मात्र त्याने ‘टॉमी’त रंगवलेला पिनबॉलपटू आहे. ख्रिस्टेन्सन यांनी भोवतालच्या गर्दीत काही चावट कारभार दडवून ठेवले आहेत. ते पाहुण्यांना दाखवायचे की नाही, हा घरोघरचा निर्णय. १९७६ मध्येच रॉजर शार्प या पिनबॉल खेळाडूने न्यूयॉर्कच्या नगर परिषदेसमोर चेंडू कुठे जाणार हे आधी सांगून तो तिथे घालून दाखवला आणि पिनबॉल हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे हे पटवले, त्यामुळे १९४२ पासूनची तिथली बंदी उठली. म्हणजे यंत्र अगदी मोक्याच्या वेळी बाजारात आले. पण एवढ्यावर कोणी पन्नास वर्षे एखादी वस्तू सांभाळत नाही.

खरे कारण आवाजात आहे. या यंत्रात चिप नाही, प्रोग्रॅम नाही; आहेत त्या कॉइल (वीज मिळाली की दांडा ओढणारी तारेची गुंडाळी), रिले (विजेने चालणारे स्विच), शेकडो पातळ पात्यांचे स्विच, मैलभर वाटावी इतकी वायर आणि एक मोटर. चेंडू दहा गुणांच्या लक्ष्याला लागला की स्विच मिटतो, गुणांचे आकडे दाखवणाऱ्या चाकाची कॉइल दांडा ओढते, चाक एक दात पुढे सरकते, आणि त्याच क्षणी दुसरी कॉइल धातूच्या पट्टीवर ठोका देते. दहा, शंभर आणि हजार यांच्या पट्ट्या वेगळ्या, म्हणून सूरही वेगळे. पाचशे गुण मिळाले तर मोटर फिरते, तिच्यावरच्या चकत्या स्विचला एकापाठोपाठ पाच धक्के देतात, शंभराचे चाक पाच घरे पुढे जाते आणि शंभराचा सूर मोजून पाच वेळा, अगदी समान अंतराने वाजतो. दहाचे चाक नवावरून शून्यावर आले की आपण वहीत घेतो तसा हातचा पुढच्या चाकाला द्यावा लागतो, तो देताना दोन्ही सूर एकत्र वाजतात. हातचा ऐकू येणारे दुसरे यंत्र मला तरी माहीत नाही.

खेळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. चेंडू फिरत असताना मान वर करून आकडे बघायची सोय नसते. नजर हलली की चेंडू तो टोलवणाऱ्या दोन फ्लिपरमधून खाली गेलाच म्हणून समजा. इथे गुण कानाने कळतात. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना पाठमोरी बसून, अभ्यासाच्या वहीत डोके घालून, “बाबा, आता पाचशे मिळाले” असे सांगायची आणि ते बरोबर असायचे. पुढच्या काळातली यंत्रे खरी गाणी वाजवतात, त्यांतली काही मला मनापासून आवडतात, पण गाणे बहुतेक वेळा चालूच राहते, तुम्ही चांगले खेळा वा वाईट. इथे चेंडू जितका अडखळेल तितकीच लय अडखळते. १९७७ नंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी दोन-तीन वर्षांत बाजार व्यापला, त्यामुळे या घराण्याची ही जवळजवळ शेवटची मोठी पिढी ठरली.

आता घेण्याबद्दल. माझे यंत्र आले तेव्हा सुरू करायचे बटण दाबले की मोटर घरघरत राहायची, थांबायचीच नाही. विकणाऱ्याने “मोटर गेली” म्हणून किंमत थोडी उतरवली होती आणि मीही ते खरे मानले. प्रत्यक्षात नवीन डाव सुरू होताना सर्व चाके शून्यावर येईपर्यंत मोटर धक्के देत राहते, आणि (प्रत्येक खेळाडूची चाके वेगळी असतात) तिसऱ्या खेळाडूच्या एका चाकाचा ‘मी शून्यावर आलो’ हे सांगणारा स्विच मळला होता. वीज काढली, जाड कागदाची पट्टी दोन पात्यांमध्ये धरून चार वेळा ओढली, कागदावर काळी रेघ उमटली आणि काम संपले. म्हणून विकणाऱ्याच्या निदानावर जाऊ नका. सरकणाऱ्या भागांवर कोणी तेलाचा फवारा मारलेला असेल तर मात्र सावध व्हा. जुने वंगण त्यात मिसळून डिंकासारखे होते आणि प्रत्येक भाग सुटा करून अल्कोहोलने धुवावा लागतो. खेळाच्या फळीवरचा रंग चेंडू उडवणाऱ्या बंपरच्या भोवती उडालेला असणारच, त्याची फार चिंता नको.

चिंता करायची ती उभ्या पेटीवरच्या चित्राच्या काचेची. चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेले असते, त्याच्या मागे तापणारे दिवे असतात, आणि उष्णता व दमटपणा यांनी रंगाचे पोपडे सुटतात. ते परत चिकटवता येत नाहीत.

पुण्याला नेण्याबद्दल: यंत्र शंभर किलोच्या पुढे जाते, पाय आणि वरची पेटी वेगळी करून न्यावे लागते. २३० व्होल्टचे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर सहज मिळेल, पण त्याने पन्नास हर्ट्झचे साठ होत नाहीत, त्यामुळे मोटर सुमारे एक षष्ठांशाने मंदावेल आणि ते पाच ठोके थोडे संथ पडतील. यंत्र बिघडणार नाही, पण इथे कान तयार झालेल्या माणसाला फरक जाणवेल. कोकणात ठेवणार असता तर नको म्हणालो असतो. पुण्यात पावसाळ्यात खोली कोरडी ठेवता आली तर हरकत नाही.

विकणाऱ्याकडून काचेच्या मागच्या बाजूचा, दिवे बंद असतानाचा, फोटो मागवून इथे टाका. तो पाहिल्याशिवाय किमतीबद्दल बोलणे बरे नव्हे.